‘ठोकळा’, ‘खुराडं’, ‘अंगावर येतं’: नव्या इमारतीच्या चित्रावर लोक बोलतात त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सहकारनगर भागात १९७८ सालची तीन मजली, २४ सभासदांची सोसायटी. पुनर्विकासात पार्किंगवर दहा मजले आणि ५६ फ्लॅट होणार. बिल्डरने गेटवर इमारतीच्या चित्राचा मोठा फ्लेक्स लावला आणि कल्लोळ झाला. कोणी ठोकळा म्हणालं, कोणी कोंबड्यांचं खुराडं, कोणी ‘सहकारनगरात दुबई कशाला’. मागच्या गल्लीतल्या बंगलेवाल्यांनी तर ‘परिसराशी विसंगत’ म्हणून लेखी पत्रच दिलं. आर्किटेक्ट म्हणतात, लोकांना डिझाइन कळत नाही, दुर्लक्ष करा. सचिव विचारतात, हे सगळं कितपत मनावर घ्यायचं?

मनावर घ्या. फक्त शब्दाला शब्द धरून बसू नका.

मी २८ वर्षं पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करतोय, त्यातली शेवटची पंधरा तर बहुतेक पुनर्विकासातच गेली. ‘लोकांना डिझाइन कळत नाही’ हे वाक्य मीही बोललोय. सभासदांच्या सभेतून तोंड पाडून परत आल्यावर ऑफिसात चहा पिताना हमखास बोलायचं वाक्य आहे ते. ते अर्धंच खरं आहे. लोकांना डिझाइनचे शब्द येत नाहीत, पण ज्याचं जळतं त्याला कळतं. चित्र बघताना माणूस ‘ही इमारत सुंदर आहे का’ असं मनात विचारत नसतो. तो स्वतःला त्या चित्रात शोधत असतो: माझी खिडकी कुठे, माझं ऊन कुठे, मी रोज दूध आणायला जातो तो रस्ता कुठे. सापडलं नाही की चिडतो, आणि हाताशी असलेला शब्द फेकतो. त्या क्षणी हाताशी असतो ‘ठोकळा’.

आता फ्लेक्सवरचं चित्र म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ त्याच्यामुळे आहे. ते चित्र साधारण चौथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीवरून काढलेलं असतं. तिथे कोणी उभं राहत नाही. वेळ संध्याकाळची, सगळ्या घरांत दिवे, समोरचा रस्ता आहे त्याच्या दुप्पट रुंद, फुटपाथ रिकामा, विजेच्या तारा गायब. एकाही खिडकीला ग्रिल नाही, एकही एसी नाही, दोरीवर एक टॉवेलसुद्धा नाही. शेजारची घरं एकतर पुसलेली, नाहीतर पांढऱ्या पुठ्ठ्यासारखी. हे फ्लॅट विकण्यासाठी काढलेलं चित्र आहे आणि त्या कामाला ते ठीकच आहे. पण तेच तुम्ही शेजाऱ्यांना ‘हे येतंय बरं का’ म्हणून दाखवलंत.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका कामात माझ्याच ऑफिसने केलेल्या चित्रात शेजारचा बसका बंगला काढून तिथे हिरवळ दाखवली होती, इमारत नीट दिसावी म्हणून. चार दिवसांनी त्या बंगल्यातल्या आजी, सत्तरीच्या पुढच्या, नातवाला घेऊन ऑफिसात आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. पर्समधून चष्मा काढला, चित्र नीट बघितलं, त्या हिरवळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘अहो, हे आमचं घर. हे पण पाडणार आहात का तुम्ही?’ मी काहीतरी ‘तसं नाही आजी, ते फक्त प्रेझेंटेशनसाठी’ असं पुटपुटलो. त्यानंतर माझ्या ऑफिसातून शेजारी पुसलेलं चित्र बाहेर गेलेलं नाही.

आता शब्दांकडे.

‘ठोकळा’ हा आरोप आर्किटेक्टवर कमी आणि गणितावर जास्त आहे. मूळ १.१० एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा), त्यावर प्रीमियमचा, म्हणजे पैसे भरून मिळणारा, त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामहक्क), आणि या सगळ्यावर निवासी वापराला ६० टक्के ॲन्सिलरी, म्हणजे जोडीचं जादा क्षेत्र. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत बांधकाम नियमावली लागू झाली तेव्हापासून बाल्कनीसुद्धा पी-लाइनच्या (इमारतीच्या बाहेरच्या कडेच्या रेषेच्या) आत, म्हणजे एफएसआयमध्ये मोजली जाते. पूर्वी ठरावीक प्रमाणात बाल्कनी मोजणीबाहेर असायची, म्हणून जुन्या इमारतींना ती पुढे आलेली, सावली पाडणारी बाल्कनी दिसते (नंतर लोकांनी ती बंद करून खोलीत घेतली, ती गोष्ट वेगळी). आता प्रत्येक चौरस फूट मोजला जातो म्हटल्यावर सभासद म्हणतो बाल्कनी नको, हॉल मोठा द्या. बाजूचं अंतर उंचीच्या एक पंचमांश सोडायचं, मग त्या रेषेवरून सरळ वर चढायचं. ठोकळा इथेच तयार होतो. नियमावलीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला होता तेव्हा त्यावर कितीजण बोलले? बिल्डर बोलले, आमच्या संघटना बोलल्या. आज फ्लेक्ससमोर उभं राहून चिडणाऱ्यांपैकी कोणी तो मसुदा उघडला असेल असं मला वाटत नाही. त्यांना दोष देत नाहीये. तक्त्यांनी भरलेला मसुदा वाचून ‘यातून माझ्या गल्लीत ठोकळे येतील’ हे ओळखणं आमच्यातल्याही अनेकांना जमलं नाही.

‘खुराडं’ म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा खिडक्या मोजलेल्या असतात. २४ घरांची ५६ घरं. पाणी, गाड्या, लिफ्टची रांग, ओल्या कचऱ्याचा वास, हे सगळं त्या एका शब्दात आलं. दर्शनी भिंतीचा रंग बदलून हा राग जाणार नाही. त्याला आकडे दाखवावे लागतील: टाकीची क्षमता किती, लिफ्ट किती, पाहुण्यांच्या गाड्या कुठे. ‘दुबई’ म्हणजे काच आणि सोनेरी पट्ट्या. इथे मात्र लोकांचं शंभर टक्के बरोबर आहे. नवव्या मजल्यावरची पश्चिमेची काच एप्रिलमध्ये काय भाजते आणि ती पुसायला कोण लटकणार, हे बिल्डर ताबा देऊन गेल्यावर सोसायटीलाच कळतं.

आणि ‘अंगावर येतं’. हा शब्द ऐकला की मी वही उघडतो. उंच इमारत दुरून अंगावर येत नाही. ती अंगावर येते फुटपाथवरून, पहिल्या सहा मीटरमध्ये. तुमच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर लोक राहतात ना? खिडकीत तुळस, दारात चपला, कोणीतरी भाजी निवडत बसलेलं. कुरिअरवाला आला तर ते पार्सल ठेवून घेतात, अनोळखी पोरगा घुटमळला तर ‘कोण पाहिजे?’ विचारतात. नव्या इमारतीत तळाला काय येतं ते नकाशात बघा: दुमजली यांत्रिक पार्किंगचे लोखंडी सांगाडे, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, अग्निशमनाच्या टाकीची झाकणं, कचरा जिरवायचं यंत्र, वॉचमनची केबिन. त्यापुढे सात फुटी भिंत. पहिलं माणूस राहायला सहा मीटर वर. रस्त्याने जाणाऱ्याला इमारत म्हणून दिसणार ते हे, आणि फ्लेक्सवर नेमका हाच भाग झाडांच्या मागे लपवलेला असतो.

आमच्या धंद्यात एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. व्हिएन्नात राजवाड्यासमोरच्या चौकात १९१० च्या सुमारास आडोल्फ लूस नावाच्या आर्किटेक्टने खाली दुकान आणि वर घरं अशी इमारत बांधायला घेतली. वरच्या मजल्यांवर नक्षी नाही, खिडक्यांवर कोरीवकाम नाही, साधा गुळगुळीत गिलावा. शहर भडकलं. लोक तिला ‘भुवया नसलेलं घर’ म्हणू लागले. पालिकेने काम थांबवलं. शेवटी खिडक्यांखाली फुलझाडांच्या पेट्या लावायच्या तडजोडीवर प्रकरण मिटलं. आज ती इमारत संरक्षित आहे, जगभरातून विद्यार्थी ती बघायला जातात. गोष्ट सांगणाऱ्याला सुचवायचं असतं की बघा, लोक चुकले आणि आर्किटेक्ट बरोबर होता. मला त्यात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे ज्या शेकडो इमारतींना लोकांनी कुरूप म्हटलं आणि ज्या खरोखरच कुरूप निघाल्या, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. लूसने वरची घरं साधी ठेवली, पण खालच्या मजल्यांना, जिथून माणसं चालतात तिथे, हिरव्या शिरांचा अस्सल संगमरवर आणि दगडी खांब लावले. पैसा खाली ओतला, वर वाचवला. आपले बिल्डर नेमकं उलटं करतात: आठव्या मजल्यावर लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या आणि खाली डिस्टेंपर मारलेली भिंत. तुमच्या आर्किटेक्टनी ही गोष्ट सांगितली, आणि ते सांगतीलच, तर एवढं विचारा की तळाला काय लावणार.

बंगलेवाल्यांच्या पत्राकडे वळतो. ‘परिसराशी विसंगत’ हे वकिली मराठी आहे. त्याच्या मागे काय आहे ते ओळखायला एकच प्रश्न विचारा: बंगला कोणत्या दिशेला?

तुमची इमारत पार्किंग धरून साधारण ३४ मीटर होईल. पुण्यात २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. म्हणजे ३४ मीटरच्या इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला तीस मीटर पडते. सकाळी नऊला सूर्य जेमतेम २३ अंशांवर असतो, आणि तीच सावली वायव्येकडे पाऊणशे मीटरच्या पुढे जाते. जुन्या दहा मीटरच्या इमारतीची दुपारची सावली नऊ मीटर होती, म्हणजे फार तर कंपाउंडच्या जरा पलीकडे. जूनमध्ये मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो, दुपारची सावली जेमतेम तीन मीटर आणि तीही दक्षिणेला. त्यामुळे दक्षिणेचा शेजारी ‘ऊन जाईल’ म्हणत असेल तर त्याला कागद दाखवून शांत करता येईल. उत्तरेचा म्हणत असेल तर तो खरं बोलतोय. हिवाळ्यात त्याचं अंगण, वाळवण, गच्चीवरचा सोलर, सगळं जाणार. मी एका घरी गेलो होतो तिथे काकांनी मला गच्चीवर नेलं. सोलरच्या पाइपला हात लावायला लावला आणि म्हणाले, ‘साहेब, आज लावून घ्या. पुढच्या डिसेंबरात गार लागेल.’ त्यांच्या पत्रात सौंदर्यदृष्टी वगैरे बरंच होतं, सोलरचा शब्द नव्हता. का, तर वकिलाने सांगितलं होतं की सोलरवर कोणी ऐकत नाही.

वकील चुकीचा नव्हता. आपल्याकडे एखाद्या प्लॉटवर बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्याला विचारायची पद्धतच नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकती घेता येतात, नियमातल्या फेरबदलावर घेता येतात. एका इमारतीच्या नकाशावर नाही. सभासदांचं तसं नाही. २०१९ च्या शासननिर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, त्यामुळे त्यांना मत आहे. शेजाऱ्याला शून्य. त्याला कायद्याने बोलायची एक जागा सापडते ती झाडाची. वृक्षतोडीची नोटीस झाडावर चिकटवावी लागते, पेपरात द्यावी लागते आणि सात दिवसांत हरकत घेता येते. म्हणून आपल्याकडे इमारतीवरचा सगळा राग अशोकाच्या आणि सुबाभळीच्या झाडांच्या नावाने दाखल होतो. झाडांवर ज्यांचं खरं प्रेम आहे त्यांची क्षमा मागून सांगतो, मी वाचलेल्या निम्म्या हरकतींत झाडाच्या जागी ‘माझी खिडकी’ लिहिलं तर वाक्य जास्त नीट लागतं.

सभासदांचं बोलणं मात्र वेगळ्या कानाने ऐका. २०१२ मध्ये मुंबईत वारसा यादीत शिवाजी पार्क परिसराचा समावेश प्रस्तावित झाला. गोल बाल्कन्यांच्या, समुद्राच्या वाऱ्याच्या त्या बसक्या इमारतींचं कौतुक तिथला माणूस करतोच. पण यादी आली तशी रहिवाशांनीच विरोध केला, राजकीय पक्षही त्यांच्या बाजूने उतरले. पुनर्विकास अडकेल ही भीती होती, आणि जुन्या इमारतीची दुरुस्ती ज्याच्या खिशातून जाते त्याची ती भीती खोटी नव्हती. तुमच्याकडेही हेच दिसेल. गेटवर ‘ठोकळा’ म्हणणारा सभासद सभेत उठून विचारेल, ‘मला आणखी ऐंशी फूट कार्पेट का मिळत नाही?’ दोन्ही वेळा तो प्रामाणिक असतो. त्याला सांगावं लागतं की तुझे ऐंशी फूट गुणिले २४ सभासद म्हणजेच हा ठोकळा. मी सभेत हे फळ्यावर गुणाकार करून दाखवतो. शांतता पसरते, मग कोणीतरी म्हणतं, ‘बरं, पण रंग तरी बरा द्या.’

काही बोलणं असं असतं की त्याला डिझाइनमध्ये जागाच देऊ नये. ‘नवीन फ्लॅट कोण घेणार, कसले लोक येणार’ हे त्यातलं. ‘तुमच्या दुसऱ्या मजल्यावरून आमच्या न्हाणीघरात दिसेल’ ही तक्रार खरी आहे, खिडकीची पातळी बदलून, आडवी पट्टी लावून ती सुटते. ‘कसले लोक’ हे कुठल्याही पट्टीने सुटत नाही. सचिवांनी ते इतिवृत्तात घेऊसुद्धा नये.

आता तुमच्या आर्किटेक्टकडे काय मागायचं ते सांगतो. समोरच्या फुटपाथवरून, पाच फुटांच्या नजरेने काढलेलं चित्र, शेजारच्या इमारती, तारा, कचऱ्याचा डबा सगळं ठेवून. २२ डिसेंबरची सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीनची सावली, शेजारच्या प्लॉटसकट. आणि एक चित्र ताबा दिल्यानंतर पाच वर्षांचं: एसीची बाहेरची यंत्रं लावून, कबुतरांच्या जाळ्या लावून, कपडे वाळत घालून. हे तिसरं चित्र काढायला सांगितलं की आर्किटेक्ट नाराज होतात, पण त्यातूनच कळतं की एसीला नेमकी जागा ठेवली आहे की प्रत्येकजण मनाला येईल तिथे भोक पाडणार आहे.

मग शेजाऱ्यांना बोलवा, नकाशे दाखल व्हायच्या आधी. स्वित्झर्लंडमध्ये परवानगी मिळण्याआधी प्लॉटवर उंच काठ्या उभ्या करून इमारतीचे कोपरे नि उंची दाखवावी लागते, येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळ्यांनी कळतं. आपल्याला एवढं जमणार नाही, पण फक्की तर मिळते. एका सोसायटीत आम्ही नव्या इमारतीची रेषा, रॅम्प आणि गेट जमिनीवर फक्कीने आखलं आणि रविवारी सकाळी सगळ्यांना बोलवलं. कागदावर चार महिने भांडलेली माणसं त्या पांढऱ्या रेघेवर येऊन उभी राहिली. समोरच्या घरातली एक बाई रॅम्पच्या टोकाला उभी राहून म्हणाली, ‘म्हणजे रात्री प्रत्येक गाडीचा दिवा आमच्या बेडरूममध्ये.’ चार आर्किटेक्ट-इंजिनिअरांनी तो नकाशा तपासला होता, कोणालाच ते दिसलं नव्हतं. गेट तीन मीटर डावीकडे सरकलं. खर्च शून्य.

अशा शून्य किंवा किरकोळ खर्चाच्या गोष्टी बऱ्याच असतात. समोरची भिंत सातऐवजी चार फुटी आणि वर जाळी. सोसायटीचं ऑफिस किंवा ज्येष्ठांची खोली तळाला, रस्त्याच्या बाजूला, खिडकीसकट. जनरेटरचा धूर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराच्या विरुद्ध दिशेला. उत्तरेच्या काकांचा सोलर उंच स्टँडवर चढवून देणं किंवा गीझरचे पैसे देणं, लेखी. मजले कमी होणार नाहीत, ते पहिल्याच मिनिटाला सांगून टाका. ‘बघू, विचार करू’ म्हणालात की सगळी सभा त्यावरच जाईल आणि शेवटी तुम्ही खोटे ठराल.

जे ठरेल ते विकसन करारनाम्याला नकाशा आणि साहित्याच्या यादीसकट जोडा. नुसतं ‘एलेव्हेशन आर्किटेक्टच्या मंजुरीप्रमाणे’ असं लिहिलं असेल तर चित्रातलं लाकूड प्रत्यक्षात टेक्स्चर पेंट होऊन येतं, आणि तुम्ही तक्रार करायला जाल तोवर बांधकामाची परांची उतरलेली असते.

वर मागितलेली तीन चित्रं म्हणजे आर्किटेक्टच्या ऑफिसात एका मुलाचं दोन-तीन दिवसांचं काम आहे, कारण संगणकावर इमारत उभी असली की कॅमेरा खाली आणायचा आणि तारीख बदलायची एवढंच उरतं. त्यांनी महिना मागितला तर समजा की इमारत त्यांच्याकडे उभीच नाही, फ्लेक्सचं चित्र बाहेरून कोणाकडून तरी रंगवून घेतलंय. मग पहिली सभा शेजाऱ्यांची न ठेवता आर्किटेक्टची ठेवा.